संकटकाळातील स्थितीकरण : शेठ वालचंद हिराचंद आणि त्यांचे सहकारी

सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांमध्ये स्थितीकरण हे एक महत्त्वाचे अंग सांगितले आहे. मार्गावरून डळमळू लागलेल्या सहप्रवाशाला पुन्हा मार्गावर स्थिर करणे, असा त्याचा साधा अर्थ. या अंगाचे उदाहरण म्हणून श्रेणिक राजाचे पुत्र वारिषेण मुनी यांची कथा सांगण्याची परंपरा आहे. पुष्पडाल या त्यांच्या मित्राने दीक्षा घेतली खरी, पण त्याचे मन घरी सोडून आलेल्या पत्नीतच गुंतून राहिले. वारिषेणांनी त्याला उपदेशाचे पाठ दिले नाहीत. ते त्याला आपल्या राजवाड्यात घेऊन गेले आणि आपण स्वतः काय सोडून आलो आहोत हे त्याला प्रत्यक्ष दाखविले. पुष्पडालाचे मन त्या एका दर्शनाने स्थिर झाले.

ही कथा मोक्षमार्गाची आहे. व्यवहारातील यशापयशाची नव्हे. तरीही तिच्यातील मर्म लौकिक जीवनालाही लागू पडते. जो दुसऱ्याला धीर देऊ इच्छितो त्याने आधी स्वतः काय पणाला लावले आहे हे दिसावे लागते. संस्था, पेढी वा कारखाना संकटात सापडतो तेव्हा त्यातील माणसे पुढाऱ्याचे भाषण ऐकत नाहीत; त्याच्याकडे पाहत असतात. या दृष्टीने सोलापूरच्या जैन समाजाने देशाला दिलेल्या एका कर्तृत्ववान पुरुषाच्या जीवनाकडे पाहणे उद्बोधक ठरेल. शेठ वालचंद हिराचंद दोशी यांच्या उद्योगांची यादी सर्वांना परिचित आहे. परंतु त्या उद्योगांवर एकामागून एक आलेल्या संकटांत त्यांनी आपल्या सहकाऱ्यांना कसे सावरून धरले, आणि कोठे माघार घेतली, याचा विचार मात्र क्वचितच केला जातो.

सोलापूरचे संस्कार

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूर येथे झाला. त्यांचे घराणे मूळचे सौराष्ट्रातील; व्यापाराच्या निमित्ताने महाराष्ट्रात येऊन स्थिरावलेले. वडील हिराचंद नेमचंद दोशी हे सराफी व कापसाच्या व्यापारात प्रतिष्ठा पावलेले गृहस्थ होते, पण त्यांची खरी ओळख समाजसुधारक म्हणून होती. १८८५ मध्ये त्यांनी सोलापुरात ‘जैन बोधक’ सुरू केले. ज्या काळात धर्मग्रंथ छापावेत की नाही याविषयीही समाजात तीव्र मतभेद होते, त्या काळात नियतकालिक चालविणे म्हणजे टीका अंगावर घेणेच होते. लोकमत प्रतिकूल असतानाही हाती घेतलेले काम चालू ठेवायचे, हा धडा वालचंदांना घरातच मिळाला.

शालेय शिक्षण सोलापुरात घेऊन वालचंद मुंबई व पुणे येथील महाविद्यालयांत गेले. परंतु पदवी न घेताच त्यांना घरच्या व्यवसायात यावे लागले. वडिलोपार्जित पेढीवर बसून व्याजबट्टा पाहण्यात त्यांचे मन रमले नाही. याच सुमारास लक्ष्मणराव बळवंत फाटक यांच्याशी त्यांचा संबंध आला. फाटक हे रेल्वेतील कारकुनी सोडून कंत्राटदारीत उतरलेले. त्यांच्याकडे कामाचे ज्ञान होते, भांडवल नव्हते. वालचंदांकडे घराण्याची पत होती, अनुभव नव्हता. या दोघांनी मिळून बार्शी लाइट रेल्वेच्या विस्तारातील एका टप्प्याचे काम घेतले. कुर्डुवाडी, बार्शी, पंढरपूर या परिसरातील जुन्या मंडळींना ती अडीच फुटी रुळांवरून धावणारी छोटी गाडी अजून आठवत असेल. देशाच्या उद्योगविश्वातील एका मोठ्या कारकिर्दीचा आरंभ त्या रुळांच्या भरावावर झाला.

एका जैन सावकाराच्या मुलाने आणि एका ब्राह्मण कारकुनाने केलेली ही भागीदारी त्या काळी सर्वसामान्य नव्हती. पेढी म्हटली की भाऊबंद आणि ज्ञातिबांधव, असाच रिवाज होता. वालचंदांनी माणूस निवडताना त्याला काय येते ते पाहिले आणि जोखमीचा भाग स्वतःकडे घेतला. ज्याला काम येते त्याला काम करू द्यावे आणि पैशाची चिंता त्याच्या डोक्यावर ठेवू नये, ही रीत त्यांनी तेथून पुढे आयुष्यभर पाळलेली दिसते. फाटक-वालचंद कंपनीची भरभराट झाली. १९२० मध्ये टाटांच्या सहकार्याने टाटा कन्स्ट्रक्शन कंपनी अस्तित्वात आली आणि भोर घाटातील बोगद्यांसारखी अवघड कामे भारतीय कंत्राटदारांच्या हातून होऊ लागली. १९२९ मध्ये घाटातील जुने रिव्हर्सिंग स्टेशन वगळून नवा मार्ग सुरू झाला. मुंबई-पुणे प्रवास करणारे आपण सर्व त्या परिश्रमांचे आजही ऋणी आहोत.

समुद्रावरील धाडस

सोलापूर हा पर्जन्यछायेतील कोरडा मुलूख. येथील माणसाने जहाजांचा धंदा करावा ही गोष्टच लोकांना नवलाची वाटली असेल. पहिले महायुद्ध संपले तेव्हा हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरील आणि परदेशी सागरी वाहतूक जवळजवळ संपूर्णपणे ब्रिटिश कंपन्यांच्या हाती होती. त्यांत लॉर्ड इंचकेप यांच्या वर्चस्वाखालील ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन ही कंपनी अग्रगण्य होती. तिच्याशी स्पर्धा करण्याचा प्रयत्न पूर्वी झाला नव्हता असे नाही. व्ही. ओ. चिदंबरम् पिळ्ळै यांनी १९०६ मध्ये तुतिकोरीन येथे स्वदेशी नौकानयन कंपनी काढली होती. परदेशी कंपनीने भाडे इतके उतरविले की शेवटी प्रवाशांना फुकट नेण्यापर्यंत मजल गेली. चिदंबरम् पिळ्ळै यांना तुरुंगात जावे लागले आणि १९११ पर्यंत ती कंपनी संपुष्टात आली. हा इतिहास ताजा असतानाच वालचंदांनी त्या मार्गावर पाऊल टाकले.

ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांकडे ‘लॉयल्टी’ नावाचे एक जहाज होते. कॅनडाच्या कंपनीसाठी बांधलेले हे जहाज महायुद्धात रुग्णालय-नौका म्हणून वापरले गेले होते. ते विक्रीस निघाल्याचे कळताच वालचंदांनी नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लूभाई सामळदास या मान्यवरांना एकत्र आणून ते खरेदी केले. त्यातूनच १९१९ मध्ये सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची स्थापना झाली. ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ने मुंबईहून लंडनकडे प्रस्थान ठेवले. हाच दिवस १९६४ पासून राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

समारंभात सांगितला जाणारा इतिहास बहुधा या प्रस्थानापाशी थांबतो. परंतु सहकाऱ्यांच्या धैर्याची खरी कसोटी त्यानंतर सुरू झाली. ‘लॉयल्टी’ हे जुने जहाज होते, तीस वर्षांपूर्वीचे. कोळसा भरमसाट खाणारे आणि किफायतशीर नसणारे ते जहाज १९२३ मध्ये मोडीत काढावे लागले. कंपनीने इंग्लंडमधील पॅलेस शिपिंग कंपनीची मालवाहू जहाजे विकत घेतली होती. पण महायुद्धोत्तर तेजी ओसरून १९२०-२१ मध्ये जगभर जहाजभाडी कोसळली. ज्या भागधारकांनी देशप्रेमाने आपली पुंजी या कंपनीत घातली होती त्यांच्यापुढे भवितव्य अंधारले.

दरयुद्ध आणि एक कटू करार

याच वेळी ब्रिटिश कंपन्यांनी दरयुद्ध आरंभिले. ब्रह्मदेशातील रंगूनहून हिंदुस्थानच्या बंदरांत येणारा तांदूळ हा किनारी वाहतुकीचा मोठा आधार होता. त्याचे भाडे निम्म्याहूनही खाली आणले गेले. यासोबत आणखी एक अस्त्र होते : मागाहून मिळणाऱ्या सुटीची पद्धत. जो व्यापारी ठराविक मुदतीत आपला सर्व माल याच कंपन्यांच्या जहाजांतून पाठवील त्याला भाड्याचा काही हिस्सा परत मिळे. पण तो लगेच नव्हे, तर पुढच्या मुदतीतही निष्ठा टिकविली तर. मधल्या काळात एखादी खेप जरी सिंधियाच्या जहाजातून पाठविली तरी साठलेली सूट बुडे. त्यामुळे मनाने स्वदेशी असलेला व्यापारीही हाताने परदेशी कंपनीला बांधलेला राही. त्याला दोष देणे सोपे होते. त्याच्या अडचणीची जाणीव ठेवूनच त्याला टिकवून धरणे अवघड होते.

या संकटात सिंधियाच्या धुरीणांपुढे दोन मार्ग होते. शेवटच्या रुपयापर्यंत लढावे आणि तुतिकोरीनच्या कंपनीप्रमाणे बुडावे. किंवा काही काळ पड खाऊन कंपनी जिवंत ठेवावी. नरोत्तमशेठ हे शांत, संयमी वृत्तीचे. वालचंद हे आक्रमक. त्यांच्या स्वभावाला पहिला मार्ग मानवला असता. परंतु १९२३ मध्ये लॉर्ड इंचकेप यांच्या गटाशी दहा वर्षांचा करार झाला. त्यानुसार सिंधियाची जहाजे ७५ हजार टनांच्या मर्यादेत राहावयाची होती, किनारी मालवाहतुकीपुरतेच तिचे क्षेत्र होते, प्रवासी वाहतूक करावयाची नव्हती आणि परदेशी मार्गही बंद होते. ज्या कंपनीचा जन्मच लंडनच्या सफरीने झाला तिने लंडनचा मार्ग सोडण्याचे मान्य केले.

वालचंदांना हा करार कधीच गोड वाटला नाही. तथापि ते कंपनीतून बाहेर पडले नाहीत. मतभेद झाला म्हणून त्यांनी सहकाऱ्यांना वाऱ्यावर सोडले नाही आणि तहाचा दोष एकट्या नरोत्तमशेठांवर ढकलला नाही. दहा वर्षे त्या जाचक अटींखाली काम करीत असतानाच त्यांनी लढ्याचे क्षेत्र बदलले. समुद्रावर जे शक्य नव्हते ते विधिमंडळात, व्यापारी संघांत आणि वृत्तपत्रांतून सुरू झाले. किनारी वाहतूक भारतीय जहाजांसाठी राखून ठेवावी अशी मागणी करणारे विधेयक १९२८ मध्ये एस. एन. हाजी यांनी मध्यवर्ती विधिमंडळात आणले. सिंधियाचे व्यवस्थापक एम. ए. मास्टर यांनी आकडेवारीनिशी ही बाजू वर्षानुवर्षे मांडली. ते विधेयक संमत झाले नाही. परंतु प्रश्न देशापुढे आला आणि स्वातंत्र्यानंतर किनारी वाहतुकीचे हे आरक्षण प्रत्यक्षात उतरले.

येथे एक विचार मनात येतो. संकटात पुढाऱ्याने नेहमी ताठच उभे राहावे असे नाही. आपल्या अभिमानाच्या रक्षणासाठी संस्थाच बुडविणारा पुढारी शूर ठरतो. पण त्याच्यामागे आलेल्या भागधारकाचे, कारकुनाचे आणि खलाशाचे काय होते? १९२३ चा करार ही माघार होती यात शंका नाही. परंतु त्या माघारीमुळे जहाजे राहिली, माणसे राहिली आणि लढण्याचे साधन शिल्लक राहिले. नोव्हेंबर १९२९ मध्ये मोटार अपघातात नरोत्तमशेठांचे निधन झाले आणि अध्यक्षपदाची धुरा वालचंदांवर आली. त्यांच्या हाती आलेली संस्था दुबळी असली तरी जिवंत होती. कराराची मुदत संपल्यावर तिने पुन्हा हातपाय पसरले. १९३७ मध्ये तिने हजयात्रेकरूंच्या वाहतुकीत पदार्पण केले आणि तेथेही दरयुद्धाला तोंड दिले. १९३९ मध्ये कोकण किनाऱ्यावरील बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनी तिच्या ताब्यात आली.

माणसे घडविण्याचे काम

जहाजे विकत घेता येतात, पण ती चालविणारे अधिकारी कोठून आणावयाचे? १९१९ मध्ये खलाशी भारतीय असले, तरी जहाजावरील कप्तान व वरिष्ठ अधिकारी ब्रिटिशच असत. भारतीय तरुणांना ते शिक्षण मिळण्याची सोयच या देशात नव्हती. म्हणजे स्वदेशी जहाजाची सूत्रेसुद्धा परक्यांच्याच हाती. भारतीय नौकानयनाच्या पुरस्कर्त्यांनी ही उणीव वारंवार मांडली. सरकारने नेमलेल्या समितीनेही प्रशिक्षण नौकेची शिफारस केली आणि १९२७ मध्ये मुंबई बंदरात ‘डफरिन’ ही प्रशिक्षण नौका सुरू झाली. तेथून तयार झालेल्या तरुणांना प्रत्यक्ष समुद्रावर उमेदवारी आणि पुढे नोकरी मिळावयाची तर भारतीय मालकीची जहाजे हवी होती. सिंधिया हा त्यांचा स्वाभाविक आधार ठरला.

बाहेरून संकट आले असताना आतल्या माणसांच्या शिक्षणावरील खर्च प्रथम कापला जातो, असा सर्वत्र अनुभव आहे. दरयुद्ध आणि करार यांच्या कात्रीत सापडलेल्या कंपनीने भारतीय अधिकारी तयार होण्यावर भर दिला, हे तिच्या धुरीणांच्या दूरदृष्टीचे द्योतक होय. ज्या तरुणाला वाटते की आपण आज उमेदवार असलो तरी उद्या कप्तान होऊ, तो पडत्या काळातही संस्था सोडून जात नाही.

ओसाड माळावरील नगर

पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात, नीरेच्या कालव्याच्या लाभक्षेत्रात, कळंब येथे असलेली शेतजमीन हे वालचंदांच्या उद्योगांचे आणखी एक क्षेत्र. १९३० नंतर जगभर मंदीची लाट होती. शेतमालाचे भाव कोसळले होते. १९३२ मध्ये साखर उद्योगाला संरक्षण देणारा कायदा झाला, तेव्हा नाशिक जिल्ह्यातील रावळगाव आणि इंदापूर तालुक्यातील कळंब या दोन ठिकाणी साखर कारखान्यांची उभारणी झाली. कळंबचे पुढे वालचंदनगर झाले. त्यांचे बंधू गुलाबचंद, लालचंद व रतनचंद यांच्या सहभागाने हा पसारा वाढला.

माळरानावर कारखाना उभारणे एक आणि तेथे माणसे टिकविणे दुसरे. तंत्रज्ञ, कारागीर आणि मजूर आपले कुटुंब घेऊन अशा ठिकाणी येतात ते केवळ पगारासाठी नव्हे. मुलांना शाळा, आजाऱ्याला दवाखाना आणि राहावयास घर असल्याशिवाय ते राहात नाहीत. वालचंदनगरची वसाहत या सोयींसह वाढत गेली. आसपासच्या खेड्यांतील शेतकऱ्यांच्या मुलांना तेथे यंत्रांची ओळख झाली. साखरेच्या यंत्रसामग्रीपासून सुरू झालेल्या या नगरीतील कार्यशाळेने पुढे भारतीय अवकाश कार्यक्रमासाठी अग्निबाणांचे सुटे भाग तयार केले, ही सोलापूर-पुणे परिसराला भूषणावह गोष्ट आहे.

१९४२ : एकाच वर्षी अनेक आघात

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात वालचंदांनी जे धाडस केले त्याला तोड नाही. २३ डिसेंबर १९४० रोजी म्हैसूर संस्थानच्या सहकार्याने बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीची स्थापना झाली. २१ जून १९४१ रोजी विशाखापट्टणम् येथे जहाजबांधणीच्या कारखान्याची कोनशिला डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते बसविण्यात आली. मोटारींच्या कारखान्याची खटपटही चालू होती.

मग १९४२ साल उजाडले. जानेवारीतच सिंधियाची ‘जलराजन’ आणि ‘जलतरंग’ ही जहाजे जपानी पाणबुड्यांनी बुडविली. ६ एप्रिल रोजी जपानी विमानांनी विशाखापट्टणम् बंदरावर बॉम्ब टाकले. शहरातील पुष्कळ लोकांनी घरेदारे सोडली. कोनशिला बसवून वर्षही झाले नव्हते, तोच जहाजबांधणीचे काम थंडावले आणि यंत्रसामग्री सुरक्षित ठिकाणी हलविण्याची वेळ आली. युद्धासाठी पोलाद व यंत्रे अन्यत्र वळविली जात असल्याने काम पुन्हा उभे करणेही दुरापास्त झाले. त्याच वर्षी बंगळूरच्या विमान कारखान्याचे नियंत्रण हिंदुस्थान सरकारने आपल्या हाती घेतले. जो कारखाना स्वतः उभा केला तो दोन वर्षांच्या आत हातचा गेला.

कोणत्याही उद्योजकाने अशा वेळी हात आखडते घेतले असते तर त्याला कोणी नावे ठेवली नसती. सुरक्षित धंद्यांत भांडवल गुंतवावे आणि युद्धकाळातील नफ्यावर समाधान मानावे, हा व्यवहारी सल्ला ठरला असता. वालचंदांनी जहाजबांधणीचा संकल्प सोडला नाही. १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनी मुंबईत स्थापन झाली. युद्ध संपताच विशाखापट्टणम् येथील कामाला पुन्हा वेग आला आणि १४ मार्च १९४८ रोजी पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते ‘जलउषा’ ही आठ हजार टनी नौका सागरात सोडण्यात आली. कोनशिलेपासून जलावतरणापर्यंत पावणेसात वर्षे लागली. त्यांतील बराचसा काळ प्रतीक्षेचा होता. ज्या अभियंत्यांनी आणि कारागिरांनी हा उद्योग सिद्धीस नेला त्यांच्यासाठी वालचंदांचा खरा आधार हाच होता की, काम थांबले असतानाही ते सोडलेले नाही हे सर्वांना ठाऊक होते.

या धाडसाची दुसरी बाजूही निःपक्षपातीपणे पाहिली पाहिजे. विमाने, जहाजे आणि मोटारी अशा तीन अवाढव्य उद्योगांना चार-पाच वर्षांच्या अवधीत हात घालणे हे कोणत्याही उद्योगसमूहाच्या शक्तीवर ताण आणणारेच होते. जहाजबांधणीचा भार खासगी भांडवलाला पेलणारा नव्हता. १९५२ मध्ये तो कारखानाही सरकारकडे गेला आणि हिंदुस्थान शिपयार्ड या नावाने ओळखला जाऊ लागला. पुढाऱ्याची उडी मोठी असली की सहकाऱ्यांवरील ओझेही मोठे असते, हे वालचंदांच्या चरित्रातून विसरता येणार नाही. त्यांच्या बाजूने एवढे निश्चित म्हणता येते की, ओझ्याचा जड भाग त्यांनी स्वतःच्या खांद्यावर ठेवला होता.

सूत्रे सोपविण्याचा क्षण

१९४९ मध्ये वालचंदांना अर्धांगवायूचा झटका आला. १९५० मध्ये ते सर्व कामांतून निवृत्त झाले आणि ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधील सिद्धपूर येथे त्यांचे देहावसान झाले. ‘लॉयल्टी’च्या प्रस्थानाचा चौतिसावा वाढदिवस नुकताच, तीन दिवसांपूर्वी, होऊन गेला होता.

एका व्यक्तीच्या इच्छाशक्तीवर उभ्या राहिलेल्या संस्थांची कसोटी ती व्यक्ती दूर झाल्यावर लागते. वालचंदांच्या पश्चात गुलाबचंदांनी कुटुंबाच्या उद्योगांची धुरा सांभाळली. सिंधियाचे काम शांतिकुमार मोरारजी आदी सहकाऱ्यांनी पुढे नेले. नरोत्तमशेठांचे चिरंजीव आणि वालचंदांचे परिवारजन ही दोन घराणी एका कठीण कराराच्या काळातही परस्परांपासून तुटली नव्हती, याचे फळ असे मिळाले.

पुढच्या काळाने बरेच काही पुसून टाकले. विसावे शतक संपता संपता सिंधियाच्या जहाजांची कहाणी संपली. प्रीमियरच्या मोटारी, ज्यांनी मुंबईच्या रस्त्यांवर टॅक्सीच्या रूपाने पिढ्यान्‌पिढ्या माणसे वाहिली, त्याही इतिहासजमा झाल्या. परंतु बंगळूरचा विमान कारखाना १९६४ पासून हिंदुस्थान एरोनॉटिक्स या नावाने देशाच्या संरक्षणाचा आधारस्तंभ बनला आहे आणि विशाखापट्टणम् येथे जहाजे बांधली जात आहेत. ते दोन्ही उद्योग वालचंदांच्या हातून गेले, पण नाहीसे झाले नाहीत. मालकी गेली तरी कार्य राहिले. अपरिग्रहाचा संस्कार लाभलेल्या समाजाला यातील मर्म वेगळे उलगडून सांगण्याची आवश्यकता नाही.

संस्थांसाठी बोध

सोलापुरात आज वालचंदांचे व त्यांच्या वडिलांचे नाव प्रामुख्याने शिक्षणसंस्थांशी जोडलेले आहे. ऐलक पन्नालाल दिगंबर जैन पाठशाळेच्या परिवारातील वालचंद कला व शास्त्र महाविद्यालय, हिराचंद नेमचंद वाणिज्य महाविद्यालय आणि वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थांतून दरवर्षी सर्व जातिधर्मांचे विद्यार्थी बाहेर पडतात. ‘जैन बोधक’ काढणारे पिता आणि जहाजे काढणारा पुत्र यांच्यामधील दुवा या संस्थांतच सापडतो. दोघांनीही आपल्या काळाच्या प्रवाहाविरुद्ध माणसे उभी करण्याचे काम केले.

धर्मादाय संस्थांचा कारभार आणि जहाज कंपनीचा कारभार यांत अंतर पुष्कळ. पण अडचणी फारशा वेगळ्या नसतात. निधी आटतो, शासनाचे नियम बदलतात, जुने कार्यकर्ते थकतात, नवे येताना वेगळे विचार घेऊन येतात. अशा वेळी विश्वस्तांकडे पाहणारी माणसे तीन गोष्टी शोधत असतात. पहिली, संकटाचा भार वरच्या माणसाने स्वतः उचलला आहे काय? दुसरी, मतभेद झाला तरी तो संस्थेतच राहून काम करणार आहे काय? आणि तिसरी, आपल्याला शिकवून, विश्वास टाकून पुढे नेण्याची त्याची तयारी आहे काय? वालचंदांच्या जीवनातील १९१९, १९२३, १९२७ आणि १९४२ ही वर्षे या प्रश्नांची उत्तरे देतात.

पन्नास वर्षांची वाटचाल पूर्ण करणाऱ्या कोणत्याही संस्थेला असे काही प्रसंग नक्कीच आले असतील, की जेव्हा एखाद्या वडीलधाऱ्याने शब्दही न बोलता आपली पदरमोड केली, वेळ दिला, अपमान गिळला आणि काम चालू ठेवले. अशा व्यक्तींची नावे सर्वच वेळी फलकांवर येत नाहीत. वारिषेणांनी पुष्पडालाला राजवाडा दाखविला तो आपले वैभव मिरविण्यासाठी नव्हे, तर त्याला स्थिर करण्यासाठी. ज्यांनी संस्थेला स्थिर केले त्यांच्याविषयीची कृतज्ञता पुढील पिढीने एकाच प्रकारे व्यक्त करावयाची असते : जेव्हा आपली पाळी येईल तेव्हा शेजारी डळमळणाऱ्या माणसाचा हात घट्ट धरून.